चकती

महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा कोणता, असं विचारलं तर आमच्याकडचं शेंबडं पोरही छाती काढून सांगतं, "आमचा!" १७,०४८ चौरस किलोमीटर. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. नाव बदललं, पण रुंदी तीच राहिली. (जिभेवर मात्र अजून 'नगर'च येतं, ते वाचकांनी सांभाळून घ्यावं.) इतकी रुंदी जन्मतःच पदरात पडलेली असताना आमच्या लोकांना आणखी रुंद व्हायची हौस का असावी, हे मला उमगत नाही. माणसं रुंद होतात ते मी समजू शकतो. लग्नसराईत जेवणावळी उठतात, त्याला इलाज नाही. पण हल्ली आमच्याकडे गाड्या रुंद करतात. तेही पैसे देऊन.

कशा करतात, ते सांगतो. जीपचं चाक काढायचं. चाक ज्या हबवर बसतं त्या हबवर ॲल्युमिनिअमची एक जाडजूड चकती बसवायची आणि मग त्या चकतीवर चाक चढवायचं. दुकानात या चकतीला 'स्पेसर' म्हणतात. चाक इंच-दीड इंच बाहेर येतं. चारी चाकं अशी बाहेर आली की गाडी लंगोट कसलेल्या पैलवानासारखी पाय फाकून उभी राहते. बस्स, एवढंच. गाडी जोरात पळत नाही, तेल कमी पीत नाही, चढ जास्त चढत नाही. पाय फाकून उभी राहते. या चकतीशी माझं वैर आहे, आणि ते ऐकीव नाही. साडेसहा हजार रुपये रोख मोजून विकत घेतलेलं आहे.

माझी जीप १९७४ सालची. महिंद्रांनी १९४७ पासून आपल्याकडे विलिज जीप जोडायला सुरुवात केली, त्या घराण्यातली ही लेक. लिलावातून घेतली तेव्हा तिला छप्पर नव्हतं आणि मला अक्कल नव्हती. छप्पर नंतर घातलं. पुढची कित्येक वर्षं तिने आम्हांला भंडारदऱ्यापासून जामखेडपर्यंत कुठे कुठे नेलं, आणि तिच्या चाकांमधलं अंतर अपुरं आहे असं मला किंवा तिला एकदाही वाटलं नाही.

वाटलं ते माझ्या भाच्याला. २ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे ऐन गांधीजयंतीला, नवी थार बाजारात आली आणि साध्या राहणीचा दिवस आमच्या भाच्याने नाव नोंदवून साजरा केला. गाडी आली. महिनाभरात तिचे टायर मोठे झाले, स्प्रिंगा दोन इंच उंचावल्या, आणि मग टायर स्टिअरिंग पुरतं वळवल्यावर आत घासायला लागले म्हणून चकत्या आल्या. एका रविवारी ही सगळी सामग्री आमच्या दारात येऊन उभी राहिली. शेजारी माझी जीप. भाचा दोन्हींकडे आळीपाळीने पाहत म्हणाला, "मामा, तुमची जीप अंग चोरून उभी राहिल्यासारखी वाटते हो."

माणसाला कुणी 'तू कंजूष आहेस' म्हटलं तर तो ऐकून घेतो, 'तुझं अक्षर वाईट आहे' म्हटलं तरी ऐकून घेतो. पण त्याची गाडी अंग चोरते म्हटल्यावर तो पुढच्या रविवारी मनमाड रस्त्यावरच्या दुकानात असतो. मी होतो.

दुकान चकाचक. मला चकत्या दाखवल्या: काळ्या, निळ्या आणि लाल. मी विचारलं, "यांत फरक काय?" तर उत्तर आलं, "रंगाचा." धातू कसला, ओतीव की घडीव, मधलं भोक हबच्या गळ्यावर घट्ट बसतं की सैल राहून सगळा भार एकट्या स्टडांवर टाकतं, यांतलं मी काहीही विचारलं नाही. विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं, आणि सांगायचं असतं हे त्याला. आम्ही दोघांनी मिळून लाल रंग पसंत केला. चाकं चढल्यावर ती चकती कुणाला दिसणारही नव्हती, हे नंतर लक्षात आलं.

आता बसवण्याचा प्रकार. यात एक गोम आहे आणि ती जुनी जीप वापरलेल्या कुठल्याही मिस्त्रीला ठाऊक असते. विलिजच्या घराण्यात डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे. उजवीकडचा नट आपण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळतो. डावीकडचा त्याच दिशेने फिरवला तर सुटतो. चाकाच्या फिरण्याने नट सैल पडू नयेत म्हणून त्या काळच्या कारागिरांनी ही काळजी घेतली होती. दुकानातला पोरगा जन्माला आला तेव्हा अशा जीपगाड्या निवृत्त होत होत्या. त्याने चकतीबरोबर आलेले सरळ आट्यांचे नट डाव्या हबच्या उलट्या आट्यांवर ठेवले आणि हवेच्या बंदुकीने 'घर्रर्र' केलं. नट जाईना. त्याने आणखी 'घर्रर्र' केलं. मी म्हणालो, "बाळा, डावीकडचे आटे उलटे असतात." तो म्हणाला, "काका, आटे आटेच असतात." तेवढ्यात एका स्टडच्या आट्यांचा भुगा झाला आणि वाद मिटला.

मग आतल्या बाजूला माझेच जुने नट लावायचे ठरले. ते चकतीच्या खोबणीत बसले, पण खोबण अरुंद आणि नट ऐसपैस. पान्याचं तोंड नीट आत जाईना. पोराने ते 'अंदाजाने' आवळले. हब वर्षानुवर्षांच्या गंजाने तांबूस झालेला, तो तारेच्या ब्रशने घासायला हवा होता, घासला नाही. मापून आवळायचा टॉर्कचा पाना भिंतीवर शोभेला टांगलेला होता, तो तिथेच राहिला. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर चाकं काढून पुन्हा आवळून घ्या, असंही कुणी सांगितलं नाही. चहा मात्र दोनदा पाजला.

इथे चकतीच्या मूळ स्वभावाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळी मेख तिथे आहे. एरवी एका चाकाला पाच नट. रस्त्यात थांबलात, पाना लावलात, पाचही तपासलेत, निघालात. चकती आली की नट होतात दहा. पाच बाहेर, जे चाक धरतात, आणि पाच आत, जे चकतीला धरतात. बाहेरचे पाच तुम्ही रोज कुरवाळा हवे तर; आतले पाच चाक उतरवल्याशिवाय दिसतच नाहीत. म्हणजे ज्यांच्यावर सगळ्यांचा जीव, तेच नजरेआड. चकती पातळ असली तर आणखी एक गंमत: हबचे जुने स्टड चकतीच्या पाठीतून डोकं वर काढतात, आणि चाक चकतीवर न टेकता त्या टोकांवर टेकतं. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी ग्राइंडर घेऊन स्टडच छाटतात. हे म्हणजे पागोटं बसत नाही म्हणून डोकं तासण्यापैकी झालं.

असो. जीप रुंद होऊन घरी आली आणि फाटकात अडकली. आमचं फाटक जीपच्या मापाने घेतलेलं, दोन्हीकडे चार बोटं मोकळी. चकत्यांनी ती चार बोटं खाल्ली. हिने व्हरांड्यातून विचारलं, "अहो, गाडी फुगली की फाटक आटलं?" मी गाडी रस्त्यावर लावायला लागलो. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला. टायर आता मडगार्डच्या बाहेर आलेले. चिखलाला अडवणारं कुणी उरलं नाही. दूधवाल्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर एका फेरीत महाराष्ट्राचा नकाशा उमटला. तो काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून आमच्या दुधाला पावसाची चव आली, असा हिचा आरोप आहे.

तरी खोटं कशाला बोलू, पहिले आठ दिवस मी खूष होतो. सावेडीतून जाताना पोरं वळून बघायची. मी एरवी पंचेचाळीसच्या वर न जाणारा माणूस, तिसावर आलो. लोकांना नीट बघता यावं म्हणून.

मग आली मढीची यात्रा. आमच्या आत्याचा कानिफनाथांना नवस होता. मागे आत्या आणि ही, पुढे मी, असे आम्ही पाथर्डीच्या रस्त्याने निघालो. करंजीच्या घाटापर्यंत सगळं ठीक. घाटात उतरताना डाव्या बाजूने 'टक्-टक्' असा आवाज यायला लागला. मी जुन्या गाडीच्या मालकाला शोभेल असं दुर्लक्ष केलं. पुढच्या वळणावर स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. त्याच्या पुढच्या वळणावर आत्या म्हणाली, "अरे, ते पुढचं चाक मला हसतंय की काय?" तिचं म्हणणं असं की चाक वरून आत आणि खालून बाहेर, असं डोलत होतं. ती मागच्या बाकावर, एका अंगाला वाकून बसलेली. तिला ते दिसत होतं आणि मला, चालवणाऱ्याला, दिसत नव्हतं.

गाडी कडेला घेतली, मागच्या चाकांना दगड लावले आणि जॅक दिला. बाहेरचे पाचही नट घट्ट होते. चाक उतरवलं. आत, लाल चकतीच्या खोबणीत, एक स्टड तुटून पडलेला होता, आणि उरलेल्या चार नटांपैकी दोन मी पाना न लावता, नुसत्या बोटांनी फिरवले. बोटांनी! उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला दरी, आणि डावंच चाक. ही काही बोलली नाही. आमच्या संसारात ती काही न बोलण्याचे प्रसंग मी बोटांवर मोजू शकतो आणि त्यांतला एकही बरा नाही.

चकती काढून टाकली, चाक उरलेल्या चार स्टडांवर पूर्वीसारखं बसवलं, आणि एक पाय आखडलेली ती जीप पायी चालण्याच्या वेगाने तिसगावापर्यंत नेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने उरलेल्या तिन्ही चकत्या उतरवल्या, डावीकडचे नट न विचारता उलटे फिरवले आणि नवा स्टड ठोकला. मजुरी विचारली तर म्हणाला, "स्टडचे द्या. चकत्या काढायचे काय घ्यायचे?"

मढीला गाढवांचा बाजार भरतो, हे सर्वांना माहीत आहेच. आत्या दर्शनाला गेली आणि मी बाजारात उभा राहिलो. एक गिऱ्हाईक गाढव पाहत होतं. त्याने दात पाहिले. चारी खूर उचलून पाहिले. पाठीवरून हात फिरवून जुनी जखम आहे का ते पाहिलं. मग चालवून पाहिलं, वळवून पाहिलं, आणि तरीही किंमत ऐकल्यावर मान हलवून पुढच्या गाढवाकडे गेलं. मी चकत्या घेताना रंग पाहिला होता. त्या बाजारात त्या दिवशी जे काही उभं होतं त्यात सर्वांत स्वस्तात कोण गेलं असतं, याचा हिशेब मी केला नाही.

घरी आल्यावर भाच्याशी माझं जे भांडण झालं ते अजून चालू आहे. त्याचे मुद्दे मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते सगळेच खोटे नाहीत.

तो म्हणतो, "मामा, रुंद गाडी कलंडत नाही." बरोबर. दोन चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. उत्तर जितकं मोठं तितकी गाडी कलंडायला अवघड. अमेरिकेतलं रस्ता-सुरक्षा खातं २००१ पासून गाड्यांना कलंडण्याचे गुण देताना हेच गणित वापरत आलं आहे. मी कागद घेतला. माझ्या जीपच्या चाकांतलं अंतर सुमारे ४८ इंच. गुरुत्वमध्य सोयीसाठी २६ इंचांवर धरा. भागाकार ०.९२. तीस मिलिमीटरच्या चकत्या दोन्हीकडे घातल्या तर अंतर ५०.४ इंच, भागाकार ०.९७. वा! भाच्याचा चेहरा उजळला. "आता तुझ्यासारख्या स्प्रिंगा दोन इंच उचलू," मी म्हणालो. ५०.४ भागिले ५६. उत्तर ०.९०. म्हणजे चकत्यांनी कमावलं ते उंचीने खाल्लं आणि वर मुद्दलातलंही थोडं नेलं. उंची वाढवल्याशिवाय नुसत्या चकत्या घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतः सोडून.

आणि ते पाच टक्के फुकट मिळत नाहीत. बाई पाण्याचा हंडा कमरेशी धरते, हात लांब करून धरत नाही. हंडा तोच, पाणी तेच. पण लांब धरला की खांदा उतरतो. चाक बाहेर सरकलं की आतल्या बेअरिंगचा असाच खांदा उतरतो. दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग पूर्वीपेक्षा जोरात हिसका देतं, कारण चाकाला आता लांब दांडा मिळालेला असतो. हे मला शेजारच्या, सगळी हयात गाड्यांच्या चाचण्यांत घालवून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी चहाच्या कपाखालची बशी हबसारखी धरून समजावलं. त्यांनी न्यायाने हेही सांगितलं, की बाहेर निघणाऱ्या रिमा घेतल्या तरी बेअरिंगवर असाच भार येतो. पण रिमेला लपलेले पाच नट नसतात. टायर खरोखरच घासत असेल तर योग्य मापाची रिम घ्यावी. आणि टायर घासतच नसेल तर घरी बसावं.

भाचा म्हणतो, "मग ट्रॅक्टर?" हा मुद्दा त्याला कुणीतरी शिकवलेला असणार. ट्रॅक्टरची मागची चाकं रुंद-अरुंद करता येतात, खरं आहे. चाकाची तबकडी उलटी करून, रिम आत-बाहेर बसवून शेतकरी ती पिकाच्या ओळींच्या मापाला आणतो. पण ती सोय कारखान्याने आस त्या भाराचा बनवून दिलेली असते. आणि शेतकरी ते चाक पीक तुडवलं जाऊ नये म्हणून सरकवतो. फोटोत ट्रॅक्टर रुबाबदार दिसावा म्हणून चाकं फाकवणारा एक शेतकरी मला दाखव, मी त्याचा ऊस डोक्यावरून कारखान्यावर पोचवतो. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला जा. रस्त्याच्या कडेला चिखलात रुतलेली रुंद गाडी हमखास दिसेल, आणि तिच्या शेजारून पंधरा माणसं, दोन कोंबड्या आणि एक गॅसची टाकी घेऊन साम्रदला निघालेली काळी-पिवळी जीप जाईल. तिच्या चाकांआड फक्त हब असतो.

मग मी कायदा काढला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: गाडी मुळात जशी बनली त्याच्याशी नोंदणीचा तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चार चकत्या म्हणजे एक बदल की चार, यावर भाच्याने बराच वेळ युक्तिवाद केला. विम्याचं नाव काढल्यावर मात्र तो गप्प झाला. अपघातानंतर विमावाल्याचा माणूस आधी न कळवलेला बदल शोधत येतो, आणि त्याची नजर त्या गाढवाच्या गिऱ्हाइकासारखी असते.

मला सगळ्यांत खुपतं ते वेगळंच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमात, नवी गाडी विकण्याआधी तिचा नमुना ज्यांच्याकडून तपासून घ्यायचा अशा देशातल्या मोजक्या संस्थांची नावं आहेत. त्यांत आमच्या नगरची वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे. म्हणजे देशातल्या गाड्या आमच्या गावात येऊन खड्ड्यांतून, उतारांवरून धावतात, मोजल्या-जोखल्या जातात आणि पास होतात. आणि त्याच गावात एक पोरगा हवेच्या बंदुकीने दीड तासात तो सगळा निकाल फिरवतो, 'आटे आटेच असतात' म्हणून. ज्या गावाने १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय सांभाळलं आहे, त्या गावाला रुंदी कशासाठी असते हे निदान कळायला हवं. (भाच्याने रणगाड्याचाही मुद्दा काढला होता. मी त्याला म्हटलं, "रणगाडा घे. फाटकाचं मी बघतो.")

माझ्या चार चकत्यांपैकी दोनांवर हिने गरम पातेली ठेवायला सुरुवात केली आहे. तिसरी आत्या घेऊन गेली, ती लोणच्याच्या बरणीखाली आहे. चौथी मी टेबलावर ठेवली आहे, ती तुटलेल्या स्टडसकट.

गेल्या रविवारी भाचा आला. सोबत बायको आणि तीन वर्षांची मुलगी. चकत्या काढणार नाहीच, असं त्याने दारातच जाहीर केलं. मी वाद घातला नाही. म्हटलं, "नको काढू. फक्त एक चाक उतरव आणि आतले नट दाखव." थारचे आटे दोन्हीकडे सरळच, त्यामुळे माझ्यासारखा घोळ नव्हता, दुकानही त्याचं दुसरं, महागातलं. त्याने हसत जॅक लावला, मागचं डावं चाक उतरवलं आणि मला दाखवण्यासाठी पहिल्या नटाला पाना घातला. घट्ट. दुसरा घट्ट. तिसरा पाव फेरा फिरला. त्याने पाना काढून पुन्हा लावला. चौथा अर्धा फेरा फिरला.

मुलगी मागच्या सीटवर बसून पाय हलवत होती. हिने तिला उचलून घरात नेलं. चहा आला, निवला. भाचा कपाकडे न बघता म्हणाला, "मामा, तो टॉर्कचा पाना तुमच्याकडे आहे का?" आणि दुसऱ्या चाकाखाली जॅक सरकवायला लागला.